नागपट्टणहून आलेली गोळ्यांची पेटी

सेतुरामराव तारमास्तर नोकरीतून मोकळे झाले त्या दिवशी स्टेशनातल्या मंडळींनी गळ्यात घातलेला हार तसाच घालून घरी आले. हार उतरवून विठोबाला घातला, पाय धुतले, पानावर बसले आणि चित्राहुती घालायच्या आधीच म्हणाले, "विजयादशमीला मी तिरुविसनल्लूरला जातों. मठाच्या शेजारीं खोली सांगून ठेवली आहे. उरलं आयुष्य नामांत जावं."

गोदाबाई भात वाढत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि तुपाची वाटी आणते म्हणून आत गेल्या, त्या जरा वेळ बाहेर आल्याच नाहीत. तूप पानावर आधीच वाढलेलं होतं.

सेतुरामरावांची सगळी नोकरी आज पापनाशम्, उद्या मायावरम् अशी फिरतीची. सासूबाई कुंभकोण सोडायला तयार नव्हत्या, म्हणून गोदाबाई त्यांच्याजवळ राहिल्या. नवरा सुटीला यायचा, अंगावरचे कपडे धुवायला टाकायचा, धुतलेले घेऊन जायचा. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी सरोजा लग्न होऊन त्रिचनापल्लीला गेली आणि घरात विठोबा नि गोदाबाई एवढीच दोन माणसं राहिली. लोक बारा वर्षांनी येणाऱ्या महामहाच्या मेळ्याची वाट बघतात तशी गोदाबाई या निवृत्तीची वाट बघत आल्या होत्या. तो दिवस उजाडला आणि जेवणाच्या पानावरच मावळला.

आता त्यांना अडवायचं कसं? नवरा ताडीला गेला असता तर भांडता आलं असतं. नामाला निघालेल्या माणसाचं धोतर धरणं म्हणजे पाप, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आणि गाऱ्हाणं ज्याच्याकडे घालायचं, त्याच्याकडेच तर नवरा निघाला होता. तेव्हा त्यांनी देवालाही काही सांगितलं नाही. रोजचा दिवा लावला, रोजचं कोलम् घातलं.

त्यांच्या दारातलं कोलम् मात्र सबंध गल्लीत नावाजलेलं. आपली दक्षिणेतली मराठी घरं महाराष्ट्रातली रांगोळी कधीच विसरली. इथे बायका पहाटे सडा घालून तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती वळसा घेत एकच ओळ फिरवतात. ती जिथून निघाली तिथेच येऊन मिळायला हवी. एकही ठिपका बाहेर राहू नये, एकही वळसा उघडा राहू नये. उघड्या तोंडातून घरातलं बरं बाहेर जातं, असं सासूबाई सांगत. गोदाबाईंच्या हातून तसं कधी झालं नव्हतं. शेजारची शिवकामी, तमिळ घरातली, लहानपणापासून कोलम् घालणारी, तीसुद्धा पिठाचा डबा हातात धरून यांच्या दाराशी बघत उभी राही.

आषाढात गोदाबाईंचा धाकटा भाऊ व्यंकोजी एक बैलगाडी घेऊन दारात आला. त्याचं पितळी भांड्यांचं दुकान. वेदारण्यात मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली, त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. नागपट्टणचा रेल्वेचा कारखाना त्याआधीच हलला होता, गोरे लोक गेले होते आणि त्यांचा एक क्लब सामानासकट विकायला निघाला होता. व्यंकोजीने तिथून दिवे, नळ, दारांच्या मुठी असं सगळं वितळवायचं पितळ आणलं होतं. त्यातच एक लांबोडी लाकडी पेटी होती. वरून काच, ती तडकलेली. आत लाकडाची फळी, डोक्याकडे उंच आणि पायाकडे उतरती. उजव्या कुशीत गोळी वर उडवायचा एक पितळी दांडा. पुढे अशा पेट्यांना लोक पिनबॉल म्हणू लागले. तेव्हा कुंभकोणात तिला नावच नव्हतं.

"अक्का, ही तुझ्या मागल्या पडवींत राहूं दे," व्यंकोजी म्हणाला. "दुकानांत जागा नाही. फळीवरचे पितळी खिळे माझ्या माणसाने उपटून गोणींत भरले आहेत. दांडा काढला की उरलेलं तुझ्या चुलीला."

"चुलीला कशाला? बंबाला," गोदाबाई म्हणाल्या.

सेतुरामराव तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेले होते. नोकरी सुटल्यापासून ते तिथेच बसत आणि त्यांचं बोट मांडीवर तारेचं यंत्र वाजवल्यासारखं टकटक करत राही. ते उठून आत आले. दांडा ओढून पाहिला. हलेना. कान लावून पुन्हा ओढला. आत कुठेतरी करकर झालं.

"व्यंकोजी, ही मोडूं नकोस," ते म्हणाले. "आंत स्प्रिंग आहे. गंजली आहे, मेली नाहीं."

"भावोजी, तुम्ही तर दसऱ्याला संन्यासी होणार!"

"दसऱ्यापर्यंत आहे ना. तोंवर नीट करून ठेवतों. मग तूं आणि तुझी पेटी."

गोदाबाईंनी हे ऐकलं. पेटी नीट होणार आणि हे जाणार, असे दोन्ही दिवस नवऱ्याने एकदमच ठरवून टाकले होते.

पेटी पडवीत आली आणि घराची तऱ्हाच पालटली. दांड्याला एरंडेल पाजलं. तीन दिवस तो ते नुसता पीत राहिला, चौथ्या दिवशी हलला. स्प्रिंग बाहेर काढली तर तिचे दोन तुकडे झाले. मग सेतुरामरावांनी वीणेच्या जाड तारेची नवी वळली. गोळीच्या जागी सुपारी ठेवून मारली, ती अर्ध्यापर्यंत चढली आणि परत आली.

"तुमची गोळी माहेरीं परतली," गोदाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

"सासरीं कोणी नीट वागवलं नसेल."

गोदाबाई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडू लागल्या. एवढं एकमेकांशी थट्टेचं बोलायची त्यांना सवय नव्हती.

सायकलच्या सीटखालची जुनी स्प्रिंग शेवटी बरोबर बसली. खऱ्या गोळ्या सगळ्या हरवलेल्या. स्वामिमलैच्या एका ओतकाम करणाऱ्याकडून पितळेच्या करून आणल्या. तो नटराज ओतणारा माणूस. "सामी, याला हातपाय कोठे?" म्हणून विचारत राहिला. गोळ्या आल्या त्या थोड्या लांबट होत्या. सेतुरामराव दुपारभर दगडावर पाणी घालून त्या घाशीत बसत. गोदाबाई गोणीतले खिळे चिंच आणि राख लावून घासून सरळ करत. पहिल्यांदा त्यांनी पेटीच्या कडेची पितळी पट्टीही तशीच समईसारखी घासली.

"अगे, चिंचेचं पाणी लाकडाच्या पोटांत गेलं!"

"पितळ घासायचं नाही तर काय पुजायचं?"

"कोरड्या राखेने. कोरड्या!"

"शरी, शरी, कळलं. तुमच्या लेकीला न्हाऊ घालत नाही."

त्या दिवसांत सेतुरामराव दोनदा भात मागून घेत. जेवताना बोलत. संध्याकाळी गोदाबाई देवळातून परतल्या की "किती वेळ?" असं विचारत. हे सुख गोदाबाईंना कळत होतं. पेटी जितकी नीट होत होती तितकं ते संपत येत होतं, हेही कळत होतं. काम रेंगाळत ठेवणं त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं. खिळे सांगितल्यापेक्षा आधीच घासून होत.

खरी अडचण भाद्रपदात आली. आतली फळी वाळवीने खाल्लेली. उचलली तर हातात भुगा आला. तिच्यावर मोठे वाटोळे खळगे होते आणि प्रत्येकाशेजारी आकड्याची हस्तिदंती चकती होती. त्यांच्या जागा सेतुरामरावांनी भुगा व्हायच्या आधी कागदावर उतरून घेतल्या होत्या. पण खिळ्यांची छिद्रं मातीत मिळाली. फणसाची नवी फळी बसवली, तिच्यात खळगे कोरले, चकत्या लावल्या. गोणीभर खिळे मारायचे कुठे?

व्यंकोजीला बोलावून विचारलं.

"भावोजी, खिळे उपटतांना ते कोठें होते हें कोण बघतो?"

सेतुरामराव दोन दिवस फळीपुढे बसून राहिले. मग म्हणाले, "गोदे, जरा ये. ठिपक्यांचं तुला कळतं. गोळी वरून येते, हें ठरलं. खालीं पोंचायला हवी. मधें हे खळगे."

गोदाबाईंनी वाकून पाहिलं. "खळगे म्हणजे पडायच्या जागा. आकडा मोठा तो खळगा अधिक वाईट."

"संसारच दिसतो."

"मग गोळीला सांभाळून खालीं न्यायचं. खिळे म्हणजे कुंपण."

यात काही चुकतंय असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. पडणं वाईट आणि न पडता तळाला पोचणं चांगलं, हे त्या घरात वेगळं सांगावं लागत नव्हतं. गोदाबाई पिठाचा डबा घेऊन बसल्या. खळगा हा ठिपका धरला आणि प्रत्येकाभोवती वळसा घेत पिठाची ओळ फिरवली. एकही उघडा ठेवला नाही, एकही सोडला नाही. ओळ निघाली तिथेच येऊन मिळाली. त्या ओळीवरून सेतुरामराव खिळे ठोकत गेले. दोघांची डोकी फळीवर इतकी जवळ आली की एकदा आपटली.

नवरात्रातल्या सप्तमीला पेटी तयार झाली. काच बसली. सोनेरी खिळ्यांचं कोलम् खालून चमकत होतं. सेतुरामरावांनी दांडा ओढून सोडला. गोळी सणसणत वर गेली, वळली, खिळ्यांवर टिणटिण वाजत, प्रत्येक कुंपणाला शिवत खाली आली आणि तळाच्या पन्हळीत अलगद विसावली. दुसरी तशीच. तिसरी तशीच.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत एकच गर्दी उडाली. शिवकामीने चार गोळ्या मारल्या. "मामी, तुमच्या पेटींत कोणी पडतच नाही! असा मुलूख असता तर मी तेथेंच राहिलें असतें."

गोदाबाई हसल्या. त्याच संध्याकाळी सेतुरामरावांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढली, झटकली आणि दोन धोतरं, पंचा नि जपाची माळ तिच्यात घातली. गोदाबाईंनी ती पाहिली आणि माळेखाली एक सोवळं नीट घडी करून ठेवलं. ते विसरले असते.

नवमीला घरातली हत्यारं आणि पुस्तकं पूजेला बसतात. पक्कड, हातोडी, कानस, सगळी धुऊन गंध लावून विठोबापुढे मांडली होती. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. दुपारी व्यंकोजी आला. पेटी बघून त्याने तोंडात बोट घातलं. दांडा ओढला. गोळी गेली, टिणटिणत फिरली, तळाला आली. त्याने पुन्हा मारली. मग काचेला नाक लावून आत पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसून हसायला लागला.

"अक्का! अगे अक्का! गोळी खळग्यांत *पडायला* हवी! नागपट्टणच्या त्या क्लबाच्या बटलराने मला सांगितलं होतं. जो मोठ्या आकड्यांत पडला तो जिंकला. कुंपणाला वरून तोंड असतं, गोळी आंत जायला. तुम्ही दोघांनी तर एकूण एक दारं बंद करून टाकलींत!"

"पडल्यावर जिंकायचं?" सेतुरामरावांनी विचारलं.

"हो."

"मग तळाला पोंचला तो?"

"तो हरला."

सेतुरामरावांनी एकेका कुंपणावरून काचेवर बोट फिरवलं. "हें तूं आषाढांत सांगायचं."

"मला काय माहीत तुम्ही गोळीला मोक्ष द्यायला बसलां आहां!"

गोदाबाई एकदम म्हणाल्या, "मग खिळे काढूं. वरचे काढले की झालं."

"आज पक्कड पूजेला बसली आहे," सेतुरामराव म्हणाले. "आणि उद्यां मी जातों. ठरलेलं आहे. व्यंकोजी, दोन दिवसांनीं येऊन तुझं पितळ घेऊन जा. आम्हांला जमलं तेवढं केलं."

ते शांतपणे बोलले, पाऊस थांबला असं सांगावं तसे. गोदाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि विळीवर भोपळा चिरू लागल्या. एका घराला लागेल त्याहून फार अधिक चिरला गेला.

विजयादशमीला सकाळी हत्यारं पूजेतून उचलली. सेतुरामरावांनी ती फडक्यात बांधायला काढून ठेवली आणि ते जेवायला बसले. तिरुविसनल्लूरला जायला महालिंग गाडीवाल्याचा जटका सांगितलेला होता. जेवण झालं, हात धुऊन ते पिशवी घ्यायला गेले. परत आले तर गोदाबाई पडवीत पेटीची काच सरकवून वाकल्या होत्या. हातात पक्कड होती, तिच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं.

"काय करतेस?"

"तोंड उघडतें."

त्यांनी सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या खळग्याभोवतीचा वरचा एक खिळा धरला. तो सहज येईना, फणसाचं लाकूड घट्ट. दोन्ही हातांनी ओढला. निघाला. मग त्याच्या शेजारचा. कोलमात ती जागा उघडी, बोडकी दिसायला लागली. गोदाबाईंनी त्या जागेकडे पाहून तोंड फिरवलं, पण खिळे परत लावले नाहीत. काच सरकवली आणि दांडा ओढून सोडला. गोळी बाजूने गेली. दुसरी त्या तोंडाच्या कडेला आपटून परतली. तिसरी आत पडली. टप् असा अगदी लहान आवाज झाला.

"पडली," सेतुरामराव म्हणाले.

"पडली."

त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही, पण वाकून पाहिलं. "दुसऱ्या खळग्याचं तोंड जरा डावीकडून हवं. गोळी तिकडून येते."

"तुम्ही जाऊं नये असं मला वाटतं," गोदाबाई म्हणाल्या. त्या पेटीकडेच बघत होत्या. "पहिल्या दिवसापासून वाटतं."

सेतुरामरावांचं बोट पिशवीच्या बंदावर टकटक करायला लागलं. "मग बोलली कां नाहींस?"

"नामाला निघालेल्या माणसाला कसं बोलूं? पाप नाही?"

"आणि आज नाहीं पाप?"

"आज पण आहे. असूं दे."

बाहेरून महालिंगाने हाक मारली, "सामी, येतां ना? माझ्या घोड्याला मठांत भरती करायचं नाहीं!"

सेतुरामरावांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "विठोबाला हार घालून बोललों आहे, गोदे. शब्द मोडतां यायचा नाहीं."

"मी कोठें मोडा म्हणतें?"

"आज जातोंच. उद्यां एकादशी, ती मठांत करतों." त्यांनी देवघराकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. "पारणं द्वादशीचं. पारणं... पारणं घरीं करतों."

गोदाबाईंनी पदराने हाताला लागलेलं तेल पुसलं. "आणि पेटी झाली, तरी?"

"तरी."

"मग पुढें?"

"पुढें पुन्हां एकादशी येईलच. ती तिथें. द्वादशी घरीं." त्यांनी पिशवी त्यांच्यापुढे धरली. "यांतलं अर्धं काढून ठेव. दोन दिवसांना एवढं कशाला?"

गोदाबाईंनी एक धोतर आणि पंचा काढून घेतला. सोवळं राहू दिलं. महालिंगाचा घोडा फुरफुरत निघाला आणि गल्लीच्या टोकाला वळला.

द्वादशीचं पारणं लवकर असतं. गोदाबाईंनी आदल्या दिवशीचा उपास तसाच अंगावर ठेवून अंधारातच अगत्तीची, म्हणजे हादग्याची, भाजी निवडली, आवळे वाटले. शिवकामी पिठाचा डबा घेऊन डोकावली. "मामी, ते तर गेले ना कायमचे? सबंध गल्ली सांगते."

"गल्लीला सांग, पान दोघांचं वाढतें आहे."

सूर्य वर आला. ऊन ओट्यावर चढलं. भाजी एकदा निवली, पुन्हा गरम केली. पारण्याची वेळ टळत आली तेव्हा गोदाबाईंनी तुळशीचं पाणी तोंडात घेऊन उपास मोडला, भात मात्र घेतला नाही, आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

ते चालत आले. महालिंग मिळाला नव्हता. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं.

"वेळ टळली," गोदाबाई म्हणाल्या.

"नदीवर वेळेंत तीर्थ घेतलं. नियम मोडला नाहीं," त्यांनी सांगितलं. "भूक मात्र जबर लागली आहे. वाढ."